सहा किलोमीटरचा आग्रह

सोलापूरच्या यंत्रमागधारकाला मानक म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. तो सूत मागवतो ते काउंटवर. वीस काउंट म्हटलं की कोइमतूरचा गिरणीवाला, इचलकरंजीचा व्यापारी आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलवाला, तिघंही एकाच जाडीचा धागा धरून चालतात: एका पौंडात ८४० यार्डांच्या वीस लडी. हे माप ठरलं इंग्लंडातल्या गिरण्यांत, सोलापूरला न विचारता. तरी सोलापूरच्या बाजारात सुताचा सौदा आजही त्याच मापाने होतो.

फोनचं तसंच आहे. फरक इतकाच की फोनची मापं ठरवणारे लोक आजही दर थोड्या महिन्यांनी बैठकीला बसतात, आणि त्या बैठकांना आपल्याला जाता येतं. गेल्या दशकात भारतातले काही अभियंते तिथे गेले, आपल्या खेड्यांमधलं अंतर त्यांनी कागदावर मांडलं आणि ते अंतर जगाच्या मानकात उतरलं. त्या अंतराची हकिकत सांगण्यासाठीच हा लेख आहे. पण तिचं मोल कळायचं तर आपल्याला न विचारता काय काय ठरत गेलं, ते आधी पाहायला हवं.

त्याच टॉवेलवाल्याच्या निर्यातीच्या कागदांवर फोन नंबर छापलेला असतो: +९१, मग २१७, मग सात आकडे. शेवटचे सात आकडे गावातल्या एक्स्चेंजचे. २१७ हा सोलापूरचा कोड भारताच्या राष्ट्रीय क्रमांक योजनेतला. आणि ९१ आला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडून, म्हणजे जिनिव्हाच्या आयटीयूकडून. १९६४ साली या संघाच्या टेलिफोनविषयक सल्लागार समितीने एक ते नऊ हे आकडे जगभर वाटून टाकले. उत्तर अमेरिकेला १, आफ्रिकेला २, युरोपात फोन जास्त म्हणून त्याला ३ आणि ४ दोन्ही, लॅटिन अमेरिकेला ५, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजूला ६, सोव्हिएत संघाला ७, पूर्व आशियाला ८. उरलेला ९ तुर्कस्तानापासून ब्रह्मदेशापर्यंतच्या पट्ट्याला. म्हणून तुर्कस्तान ९०, भारत ९१, पाकिस्तान ९२, अफगाणिस्तान ९३, श्रीलंका ९४. लहान देशांना तीन आकडी कोड मिळाले: मालदीव ९६०, नेपाळ ९७७. बांगलादेश तेव्हा अस्तित्वातच नव्हता. त्याला पुढे ८८० मिळाला, आठच्या घरातला.

या योजनेचा आजचा नियम ई.१६४ नावाच्या शिफारशीत आहे. देशाचा कोड धरून जगातला कोणताही नंबर १५ आकड्यांहून लांब असू नये, हे तिचं मुख्य कलम. त्या चौकटीत भारताने आपल्या नंबरांची लांबी १० ठेवली आणि ती मोठ्या शहाणपणाने वाटली. मुंबईला कोड २२, म्हणजे स्थानिक नंबराला आठ आकडे मोकळे. सोलापूरला २१७, मग सात आकडे. पंढरपूरला २१८६, बार्शीला २१८४, अक्कलकोटला २१८१, मग सहाच आकडे. गावात फोन जितके जास्त, तितका कोड आखूड. आपण २१७ च्या आधी जो शून्य लावतो, तो नंबराचा भाग नाही. ‘हा कॉल गावाबाहेरचा आहे’ एवढंच तो आपल्या एक्स्चेंजला सांगतो. त्यामुळे परदेशातून फिरवताना तो गाळायचा असतो. कितीतरी लेटरहेडांवर अजूनही +९१ ०२१७ असं छापलेलं दिसतं आणि परदेशातला गिऱ्हाईक तसाच नंबर फिरवून थकतो. आपल्या निर्यातदारांनी एवढी दुरुस्ती जरूर करून घ्यावी.

हा आयटीयू संघ किती जुना? १७ मे १८६५ रोजी पॅरिसमध्ये २० देशांनी आंतरराष्ट्रीय टेलिग्राफ करारावर सह्या केल्या, तिथे त्याची सुरुवात. त्याआधी युरोपात तार सरहद्दीवर अडायची. एका देशाचा कारकून ती कागदावर उतरवून पलीकडच्याच्या हाती देई, आणि तो आपल्या यंत्रावरून पुढे पाठवी. यंत्रं वेगळी, दर वेगळे, सांकेतिक खुणाही वेगळ्या. भारतात तर विल्यम ओशॉनेसी यांनी उभारलेल्या तारखात्याची स्वतःची यंत्रपद्धत होती. मोर्सची यंत्रं इथे १८५७ च्या सुमारास आली. त्या काळात या गोष्टीची झळ कापसाच्या बाजाराला थेट बसत होती. १८६० साली रेल्वे सोलापूरला पोहोचली आणि इथला कापूस मुंबईच्या बंदराला जोडला गेला. मुंबईचा भाव लिव्हरपूलवर हलायचा. १८६५ मध्ये इराणच्या आखातातून आणि तुर्कस्तानातून लंडनपर्यंत तार जोडली गेली, पण वाटेतल्या अनेक कचेऱ्यांतून हात बदलत येणारा मजकूर कित्येक दिवस रखडायचा आणि पोहोचेपर्यंत त्यातले शब्द मोडून गेलेले असायचे. भावाचा एक आकडा चुकला तर काय होतं, हे कापसाच्या व्यापाऱ्याला विचारावं.

आणि इथे एक गोष्ट आहे जी आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवी होती. १८६८ मध्ये व्हिएन्नाला संघाची दुसरी परिषद भरली. ब्रिटनला तिथे स्वतःच्या नावाने बसता येईना, कारण ब्रिटनमधला टेलिग्राफ तेव्हा खाजगी कंपन्यांकडे होता आणि करार सरकारी तारखात्यांचा. भारतातला टेलिग्राफ मात्र सरकारी. म्हणून सभासद झाला तो ब्रिटिश हिंदुस्थान, १ जानेवारी १८६९ पासून. ब्रिटन त्यानंतर, १८७१ मध्ये, आपला टेलिग्राफ सरकारजमा झाल्यावर आला. म्हणजे या संघात हिंदुस्थानचं नाव इंग्लंडच्या आधी लागलं. अर्थात त्या खुर्चीत बसणारा माणूस इंग्रजच होता. नाव आपलं, आवाज दुसऱ्याचा, असं जवळजवळ ८० वर्षं चाललं. १९४७ मध्ये संघ संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली आला, १९४८ मध्ये त्याचं कार्यालय बर्नहून जिनिव्हाला हललं, आणि १९५२ पासून स्वतंत्र भारत त्याच्या कार्यकारी परिषदेवर आहे.

संघाचे ठराव दोन जातींचे असतात आणि त्यांची गल्लत करू नये. एक म्हणजे शिफारशी. ई.१६४ ही शिफारस आहे. ती न पाळणाऱ्या देशाला दंड होत नाही, फक्त त्याचा फोन बाकीच्यांना लागत नाही, आणि तेवढी भीती पुरते. दुसरी जात रेडिओ लहरींच्या नियमांची. ते सरळ आंतरराष्ट्रीय करार आहेत, सह्या केलेल्या सरकारांवर बंधनकारक. कारण उघड आहे. तार आपल्या खांबावरून जाते, लहर कुणाच्या सरहद्दीवर थांबत नाही.

या दुसऱ्या जातीचा सोलापूरशी जोडलेला आकडा १६०२. आकाशवाणीच्या सोलापूर केंद्राची मीडियम वेव्हवरची जागा १६०२ किलोहर्ट्झ. पुण्याची ७९२, सांगलीची १२५१, परभणीची १३०५, नागपूरची ५८५, मुंबईच्या अस्मिता वाहिनीची ५५८. या प्रत्येक संख्येतले आकडे एकमेकांत मिळवून पाहा. बेरीज ९ किंवा १८ येते, म्हणजे प्रत्येकीला नऊने नि:शेष भाग जातो. हा योगायोग नाही. १९७५ मध्ये जिनिव्हाला झालेल्या परिषदेत युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलिया या भागांसाठी मीडियम वेव्हच्या पट्ट्यात ५३१ पासून १६०२ पर्यंत नऊ-नऊ किलोहर्ट्झवर खुंट्या ठोकल्या गेल्या आणि २३ नोव्हेंबर १९७८ पासून केंद्रांनी त्या खुंट्यांवरच राहायचं ठरलं. मीडियम वेव्ह रात्री फार लांब जाते. दिवसा तिला शोषून घेणारा वातावरणाचा थर सूर्यास्तानंतर विरतो आणि लहर वरच्या थरावरून परतून हजार-दीड हजार किलोमीटरवर उतरते. म्हणून एका देशाचं केंद्र दुसऱ्याच्या घरात घुसू नये याचा बंदोबस्त सगळ्यांनी मिळून करावा लागला. अमेरिका खंडाने मात्र दहा-दहाची खुंटी ठेवली. त्यामुळे तिथून आणलेला रेडिओ दहाच्या पायरीवर असेल तर तो १६०० वर थांबतो किंवा १६१० वर, १६०२ वर नाही. मागचं ९/१० चं बटण सरकवावं लागतं.

१६०२ ही या पट्ट्याची अगदी शेवटची खुंटी. त्या योजनेत १४८५, १५८४ आणि १६०२ या तीन जागा जाणूनबुजून लहान केंद्रांसाठी राखल्या, एक किलोवॅटच्या मर्यादेत. त्यांवर कितीही केंद्रं बसू शकतात, कारण प्रत्येकाचा आवाज आपल्या गावापुरता. मला ही तरतूद मनापासून आवडते. बलाढ्य देश शेकडो किलोवॅटच्या केंद्रांसाठी भांडत असताना कुणीतरी जिल्ह्याच्या गावाला आपल्या लोकांशी बोलता यावं म्हणून तीन जागा बाजूला काढून ठेवल्या.

आवाजाच्या बाबतीतही असाच एक निवाडा आहे. एक्स्चेंज डिजिटल झाली तेव्हा आवाजाचे आकडे कसे करायचे हे १९७२ च्या जी.७११ या शिफारशीने ठरवलं: सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकाला ८ बिट, म्हणजे एका बोलण्याला सेकंदाला ६४ हजार बिट. पण नमुना मोजायच्या दोन पट्ट्या राहिल्या, अमेरिका आणि जपानची एक, युरोपाची दुसरी. भारताने युरोपाची घेतली. मग सोलापूरहून न्यू जर्सीला फोन लागला तर दुभाष्याचं काम कुणी करायचं? शिफारशीतच लिहिलं आहे की बदल करण्याची जबाबदारी अमेरिकी पट्टीवाल्या देशाची. एवढ्या एका ओळीने जगातल्या सगळ्या एक्स्चेंजांमधला वाद मिटला. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने खेड्यांसाठी १२८ लाइनींचं छोटं एक्स्चेंज बनवलं, धूळ आणि उकाडा सोसणारं, वातानुकूलनाशिवाय चालणारं. त्याचा सांगाडा आपला होता, पण बाकीच्या जाळ्याशी बोलायचं म्हणून भाषा याच शिफारशींची होती. घरात येणारं फायबर जी.९८४ वर चालतं. २०२३ मध्ये एकाच वेळी सगळ्यांचे मोबाइल कर्कश वाजवणाऱ्या आपत्तीच्या चाचणी-इशाऱ्यांमागच्या यंत्रणेतही एक्स.१३०३ ही शिफारस आहे. ही यादी वाढवण्यात अर्थ नाही, ती फार लांब आहे.

मग या शिफारशी लिहितं कोण? चित्र असं डोळ्यांसमोर येतं की मोठे देश हात वर करून मतदान करतात. तसं जवळजवळ कधी होत नाही. संघात आज १९४ देश आहेत, पण मानकांच्या अभ्यासगटांत सरकारांच्या शेजारी कंपन्या, संशोधन संस्था आणि विद्यापीठं बसतात. प्रत्येक गटाकडे क्रमांक लावलेले ‘प्रश्न’ असतात. ज्याला काही सुचवायचं असेल त्याने बैठकीआधी लेखी कागद द्यायचा. त्या वर्तुळात त्याला कॉन्ट्रिब्यूशन म्हणतात. कागद नाही तर विषय नाही. मग मोजमापं, आक्षेप, दुरुस्त्या, पुन्हा कागद, असं महिनोन्‌महिने चालतं आणि सगळ्यांना चालेल असा मजकूर उरला की तो चार आठवडे शेवटच्या हरकतींसाठी खुला ठेवतात. हरकत आली नाही तर शिफारस मंजूर. नंबरांसारख्या सरकारी धोरणाला हात लावणाऱ्या विषयांत सभासद देशांना वेगळं विचारलं जातं. कोणत्या गटाने काय करायचं हे दर चार वर्षांनी भरणारी सभा ठरवते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही सभा दिल्लीत भरली होती.

मोबाइलच्या बाबतीत काम दोन ठिकाणी वाटलेलं आहे. नव्या पिढीला काय काय जमलं पाहिजे ही परीक्षा आयटीयू काढते. उत्तरपत्रिका लिहिते थ्रीजीपीपी, १९९८ मध्ये स्थापन झालेली मानकसंस्थांची युती. तिचे आज सात भागीदार आहेत: युरोपचा एक, अमेरिकेचा एक, जपानचे दोन, चीन, कोरिया आणि भारत. भारताची जागा टेलिकम्युनिकेशन्स स्टँडर्ड्स डेव्हलपमेंट सोसायटी, म्हणजे टीएसडीएसआय, या संस्थेची. ती २०१३ मध्ये निघाली आणि २०१५ पासून थ्रीजीपीपीत आहे. तोवर चौथ्या पिढीपर्यंतचं सगळं आपल्याविना ठरून गेलं होतं.

बैठकीच्या खोलीत नसण्याची किंमत काय, ते एसएमएसवर पाहा. जीएसएम या मोबाइल पद्धतीची आखणी १९८२ पासून युरोपातल्या टपाल-तार खात्यांनी केली. संदेशाला जागा मिळाली १४० बाइटची. १९८५ मध्ये फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याने टाइपरायटरवर नेहमीची वाक्यं टाइप करून अक्षरं मोजली आणि १६० पुरेत असं ठरवलं. सात बिटांचं एक अक्षर धरलं तर १४० बाइटमध्ये १६० अक्षरं बरोबर बसतात. त्या सात बिटांच्या तक्त्यात रोमन अक्षरं आहेत, युरोपातल्या भाषांची काही खास अक्षरं आहेत, ग्रीक कॅपिटल अक्षरंही आहेत. देवनागरी नाही. ती लिहायची तर प्रत्येक खुणेला १६ बिट लागतात आणि संदेश ७० खुणांवर संपतो. खुणांवर, अक्षरांवर नव्हे: काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘सोलापूर’ या चार अक्षरांच्या सात खुणा होतात आणि ‘प्रश्न’ या दोन अक्षरांच्या सहा. मजकूर एका संदेशात मावला नाही की त्याचे तुकडे पडतात, आणि ढीगभर संदेश पाठवणाऱ्या कचेरीला प्रत्येक तुकड्याचे पैसे पडतात. मराठीत कळवणं इंग्रजीहून महाग पडतं, ते इथे. भारतात मोबाइलवरून पहिला कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. हा हिशेब त्याआधीच बंद झाला होता.

पुढे त्यात डागडुजी झाली. आधी तुर्की भाषेसाठी पर्यायी तक्ता आला, मग स्पॅनिश-पोर्तुगीजबरोबर दहा भारतीय भाषांचे तक्ते मानकात आले. सोलापूरच्या गल्ल्यांत ऐकू येणाऱ्या कन्नड, तेलुगू आणि उर्दू या तिघींना त्यात आपापला क्रमांक आहे. मराठीच्या नावाचा तक्ता नाही. देवनागरी हिंदीच्या तक्त्यातून येते. हे वाचून मला वाईट वाटलं, आणि राग दुसऱ्या कुणावर काढण्यासारखा नाही, कारण असा तक्ता मागायचा तर कुणीतरी कागद द्यावा लागतो. एव्हाना सगळ्यांची सवय युनिकोडची, म्हणजे त्या १६ बिटांच्या खुणांची, झाली होती, आणि भारतीय भाषांतले संदेश बहुतांशी आजही सत्तरच्या मोजणीनेच जातात.

आता ते सहा किलोमीटर.

पाचव्या पिढीची, म्हणजे फाइव्ह-जीची, परीक्षा आयटीयूत तयार होत होती तेव्हा ग्रामीण भागासाठी एक कसोटी मांडलेली होती: एका टॉवरपासून दुसऱ्या टॉवरचं अंतर १७३२ मीटर धरा आणि त्यात तंत्र किती कार्यक्षम ठरतं ते दाखवा. पावणेदोन किलोमीटरवर टॉवर! सांगोला किंवा मंगळवेढा तालुक्यातून एकदा दुचाकीने जाऊन आलेल्या माणसालाही यातली अडचण कळेल. सोलापूर जिल्ह्याचं क्षेत्र १४ हजार चौरस किलोमीटरहून जास्त. गावठाणात लोक राहतात तसे गावापासून लांब रानातल्या वस्त्यांवरही राहतात. पावणेदोन किलोमीटरवर टॉवर उभारत गेलं तर मधल्या कितीतरी टॉवरांखाली ज्वारीचं रान असेल आणि गिऱ्हाईक नसेल. टॉवरचा खर्च निघणार नाही म्हणून तो उभाच राहणार नाही, आणि कागदावर ग्रामीण परीक्षा उत्तीर्ण झालेलं तंत्र वस्तीपर्यंत पोहोचणार नाही.

टीएसडीएसआयच्या मंडळींनी आपल्या देशाची रचना मांडली. भारतात सहा लाखांहून जास्त खेडी आणि सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती. भारतनेट योजनेचं फायबर पोहोचवायचं आहे ते ग्रामपंचायतीच्या गावात. तिथे एक टॉवर उभारून त्याने चारी बाजूंना तीन किलोमीटर तरी सांभाळलं, तर शेजारची खेडी आणि वस्त्या कवेत येतात. दोन टॉवरांत अंतर ६ किलोमीटर. आणि खेड्यातला माणूस काही ताशी पाचशे किलोमीटरच्या आगगाडीत बसलेला नाही. तो शेतात, पारावर, घरात आहे, फार तर दुचाकीवर. म्हणून कसोटी हवी ती मोठ्या पल्ल्याची आणि कमी वेगाची.

आक्षेप आले असतील, वाटाघाटी झाल्या असतील, पण शेवटी २०१७ मध्ये आयटीयूने फाइव्ह-जीच्या अपेक्षा पक्क्या केल्या तेव्हा ७०० मेगाहर्ट्झवर ६००० मीटर अंतराची कसोटी त्यांत होती, आणि ती ऐच्छिक नव्हती. ग्रामीण भागासाठी उत्तीर्ण व्हायचं तर ती सोडवावीच लागणार. जगात कुणीही फाइव्ह-जीचा प्रस्ताव आणला तरी त्याला आपल्या खेड्याच्या अंतरावर उतरून दाखवावं लागलं.

कसोटी घालणं एक, ती सोडवणं वेगळं. लांबच्या टॉवरची खरी अडचण उलट्या दिशेला असते. टॉवर दहा-वीस वॅटने ओरडू शकतो, फोन फक्त ०.२ वॅटने. म्हणून वस्तीवरच्या माणसाला मोबाइलवर दांड्या दिसतात, पलीकडचा ऐकूही येतो, पण याचं बोलणं टॉवरपर्यंत जात नाही. फोनची ताकद वाढवून भागत नाही. नेहमीच्या लहरीत चढउतार इतके असतात की टोकाला ती कापली जाऊ नये म्हणून फोनचा अँप्लिफायर मुद्दाम दबकत चालवावा लागतो. आयआयटी हैदराबाद, आयआयटी मद्रास आणि चेन्नईची सीईविट ही संस्था यांनी लहरीचा घाट असा बदलला की तिचे चढउतार जवळजवळ सपाट झाले. मग अँप्लिफायर पूर्ण ताकदीने चालवता येतो आणि त्याच फोनचा आवाज लांब जातो. पाय-बाय-टू बीपीएसके असं या लहरीचं नाव. तिला थ्रीजीपीपीच्या फाइव्ह-जीच्या पहिल्याच आवृत्तीत जागा मिळाली. यातली आयआयटी हैदराबाद संगारेड्डीजवळ कंदीला, सोलापूरवरून हैदराबादला जाणाऱ्या महामार्गालगतच आहे.

पुढचा भाग कमी सांगितला जातो, पण मला तो सर्वांत शिकवणारा वाटतो. टीएसडीएसआयने आपल्या सुधारणा एकत्र करून ‘फाइव्ह-जी-आय’ असं स्वतंत्र मानकच आयटीयूकडे नेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मंजूर तंत्रांच्या यादीत ते थ्रीजीपीपीच्या दोन तंत्रांशेजारी बसलं. भारतात लिहिलेलं मोबाइलचं तंत्र त्या यादीत, ही साधी गोष्ट नव्हती. पण लगेच प्रश्न उभा राहिला: भारताने फक्त हेच सक्तीचं करायचं का? फोन कंपन्या आणि चिप बनवणारे घाबरले. एका देशासाठी वेगळी चिप म्हणजे महाग फोन, आणि महाग फोनचा पहिला फटका त्याच वस्तीवरच्या माणसाला, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये तडजोड झाली आणि फाइव्ह-जी-आयमधल्या सुधारणा थ्रीजीपीपीच्या सतराव्या आवृत्तीत मिसळल्या. काहींना ती माघार वाटली. माझ्या मते तो या प्रकरणाचा उत्तम शेवट होता. वेगळा झेंडा गेला, पण आपली गरज जगभरच्या मानकात शिरली, आणि तिचा लाभ घ्यायला वेगळा फोन विकत घ्यावा लागणार नाही. १ ऑक्टोबर २०२२ ला भारतात फाइव्ह-जी सुरू झालं ते एकाच मानकावर.

मानकात शिरलं म्हणजे रानात पोहोचलं असं नाही, हेही सांगायला हवं. कंपनीने ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा घ्यायला हवा, टॉवर उभारायला हवा, फायबर तुटलं तर जोडायला हवं, वीज टिकायला हवी. मानक हे काही करून देत नाही. ते फक्त ‘हे तंत्राला जमतच नाही’ ही सबब काढून घेतं.

आता वेळ सहाव्या पिढीची आहे. २०२३ मध्ये आयटीयूने तिचा आराखडा मंजूर केला. सगळीकडे पोहोचणारी जोडणी हा त्यातला एक स्वतंत्र उद्देश आहे. तांत्रिक अपेक्षा २०२६ पर्यंत ठरायच्या आहेत, २०२७ पासून प्रस्ताव मागवले जातील आणि २०३० च्या सुमाराला मानक तयार होईल. म्हणजे खोलीचं दार उघडं आहे. आपल्याकडून सांगण्यासारखं कमी नाही. आषाढीला पंढरपुरात एका रात्रीत लाखो माणसं येतात आणि नेटवर्क बसतं, नदीच्या वाळवंटात हरवलेल्या म्हातारीला मुलाचा फोन लागत नाही. ही गर्दी दरवर्षी तिथीनुसार, ठरलेल्या वाटांनी, ठरलेल्या मुक्कामांनी येते. मोजून ठेवण्याइतकी ती नियमित आहे. उजनी धरणातून पाणी सोडलं की भीमाकाठच्या गावांना इशारा कळायला हवा, वाचता न येणाऱ्यालाही, मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा ज्याच्या त्याच्या भाषेत. वस्तीवरचा साधा बटणाचा फोन अजून काही वर्षं जाणार नाही.

सोलापुरात अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत, विद्यापीठ आहे. आयटीयूच्या शिफारशी २००७ पासून कुणालाही फुकट वाचता येतात, थ्रीजीपीपीचे कागदही खुले आहेत. टीएसडीएसआय शिक्षणसंस्थांना सभासद करून घेते, आणि दूरसंचार खात्याच्या टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग सेंटरचे राष्ट्रीय कार्यगट आयटीयूच्या अभ्यासगटांसाठी भारताची बाजू तयार करतात. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी तोच तो प्रकल्प देण्याऐवजी एका वारीत, एका मुक्कामावर, तासातासाला नेटवर्क कसं कोसळतं ते नीट मोजायला लावा. ती मोजमापं एखाद्या कार्यगटापर्यंत पोहोचवा. सहा किलोमीटरचा आकडाही कुणीतरी असाच लिहून नेला होता.